पाण्यानं की हातानं

शुभदा,

घरी माणसं येतात, बसतात, तुझ्या हाताला गुण होता म्हणतात आणि चहा घेऊन जातात. मी मान हलवते. तू असतीस तर उठून आत गेली असतीस. हाताला गुण वगैरे काही नसतं, असं तू पेशंटच्या तोंडावर सांगायचीस, आणि मग त्याला कसं वाटलं असेल याची काळजी मला लागायची. आता तीच माणसं तुझ्या फोटोसमोर तेच बोलतात आणि तुला अडवता येत नाही.

मला तुझ्याबद्दल चांगलं बोलायला अजून जमत नाहीये. भांडण मात्र चालूच आहे. माझा हात कशानं बरा झाला, हा आपला वाद किती वर्षं चालला? मी म्हणायचे, गरम-गार पाण्यानं. तू म्हणायचीस, पाण्याला फुकटचं श्रेय देऊ नकोस. तुझा दादा जेवताना म्हणायचा की तुमचं दोघींचं मिटेपर्यंत मला आमटी वाढा. ते मिटलं नाही, आणि आता मी एकटीच बोलते आहे, म्हणजे माझं म्हणणं खोडणारं कुणी नाही. त्यात काही मजा नाही, शुभदा.

तुला आठवतं, मी पडले तेव्हा तू मुंबईचं हॉस्पिटल सोडून नुकतीच नागावला घरी परतली होतीस आणि अलिबागला दोन खोल्यांत फिजिओथेरपीचा दवाखाना थाटला होतास. वाडीत पंपाच्या हौदाजवळ शेवाळावरून माझा पाय गेला आणि मी उजव्या तळव्यावर आपटले. मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घातलं तेव्हा मला फार काही वाटलं नव्हतं. शाळेतून रजा मिळाली, पोरांच्या वह्या तपासायच्या टळल्या, एवढंच. खरं दुखणं प्लास्टर निघाल्यावर सुरू झालं. आतून जो हात निघाला तो माझा वाटेना. सुजलेला, चकचकीत, जांभळट, आणि सतत घामेजलेला. पंख्याचा वारा लागला तरी आग व्हायची. साडीचा पदर घासला तरी मी ओरडायचे. बोटं वळायची नाहीत, आणि वळवायची नुसती कल्पना केली तरी डोळ्यांत पाणी यायचं. हाडांच्या डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. घरी आल्यावर मी तुला विचारलं तर तू म्हणालीस, "हाड जुळलंय वहिनी. नसा घाबरून बसल्यात."

मला ते पटलं. मीही घाबरूनच बसले होते. चाळिशी कधीच ओलांडलेली, मराठीची शिक्षिका, आणि खडू धरता येत नाही. मुख्याध्यापक भले होते, पण ते तरी किती दिवस दुसऱ्याला माझे तास देणार होते? रात्री झोप लागायची नाही, आणि हा हात असाच राहिला तर काय, एवढा एकच विचार यायचा. हे मी तुझ्या दादाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. पण तुझ्या लक्षात आलं असणार.

पहिल्या दिवशी तू माझा हात मांडीवर घेतलास आणि मधलं बोट हळूच वळवायला गेलीस. मी किंचाळले आणि हात ओढून घेतला. तुझ्या अंगात दयामाया नाही, असं काहीतरी बोलले. तू शांतपणे म्हणालीस, की दया करायला दादा आहे, मी बोटं हलवायला बसले आहे. मग मी आणखी बोलले. ते सगळं इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. दुसऱ्या दिवशी तू माझ्याकडे फिरकली नाहीस. सकाळी निघालीस, संध्याकाळी आलीस, जेवलीस आणि खोलीत गेलीस. मला वाटलं, सुटले. आणि त्या सुटल्याचीच मला जास्त भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तू दोन टब घेऊन पडवीत आलीस. एक निळा, एक हिरवा, अलिबागच्या बाजारातून आणलेले. एकात गरम पाणी, पण चटका बसेल असं नाही. दुसऱ्यात माठातलं. बर्फ घालू का, असं तुझ्या दादानं विचारलं तर तू नको म्हणालीस. घाबरलेल्या हाताला बर्फाचा दणका द्यायचा नाही, सुरुवातीला दोन्ही पाण्यांत थोडासाच फरक ठेवायचा. पाण्यात हात घालण्याआधी तू मला डोळे मिटायला लावलेस. दोन स्टीलचे पेले, एक गरम, एक गार, आळीपाळीनं माझ्या बोटांना, तळव्याला, मनगटाला लावत विचारत राहिलीस, "आता कुठला? आणि हा?" मला तो पोरखेळ वाटला. मी सगळी उत्तरं बरोबर दिली आणि मनात म्हटलं, एवढं शिकायला ही मुंबईत राहिली होती का!

मग हात पाण्यात. तीन-चार मिनिटं गरम, मिनिटभर गार, पुन्हा गरम. तू समोर स्टुलावर बसून मोबाइलमध्ये वेळ लावायचीस. "नुसता बुडवून ठेवू नकोस, आत बोटं हलव," हे तुझं सारखं चालायचं. आणि शुभदा, तू काहीही म्हण, ते पाणी मला कसं लागलं ते मी विसरणार नाही. गरम पाण्यात हात गेला की खांद्यापर्यंत आवळून धरलेलं काहीतरी सैल व्हायचं. गार पाण्यात श्वास अडकायचा. पुन्हा गरम पाण्यात गेल्यावर मला माझा हात जाणवायचा, आग म्हणून नाही, हात म्हणून. दोन-तीन फेऱ्यांनंतर दुखणं जायचं नाही, पण जरा लांब जाऊन उभं राहायचं.

तेवढ्यात तू टॉवेलनं हात टिपायचीस आणि ताट पुढे सरकवायचीस. त्यात वाडीतल्या सुपाऱ्या. एकेक उचलायची आणि वाटीत टाकायची. आधी अंगठा आणि पहिलं बोट, मग मधलं, मग पुढचं. मग ओलं फडकं पिळायचं. मग मूठ. मला पाणी हवंसं वाटायचं आणि सुपाऱ्या नकोशा. म्हणून मी म्हणायचे, आणखी एक फेरी घेऊ या ना गं, आज बरं वाटतंय. तू ओळखायचीस. "बरं वाटतंय म्हणूनच आता सुपाऱ्या," म्हणायचीस. हात पाण्यातून निघाला की माझ्याकडे थोडाच वेळ आहे आणि तो वाया घालवायचा नाही, हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की मी पोरांना परीक्षेच्या आधी तसंच ऐकवायला लागले.

त्या संध्याकाळी आपण किती बोललो. तुला मुंबईत कोण आवडत होता आणि ते का फिसकटलं, हे मला तिथेच कळलं. इतकी वर्षं एका घरातल्या आपण, पण त्याआधी तुझं सणासुदीला येणं व्हायचं आणि मी स्वयंपाकघरात असायचे. मीही माझं बरंच सांगितलं. हात पाण्यात असला की माणूस उठून जाऊ शकत नाही, आणि मिनिटं मोजत बसलेल्यालाही जाता येत नाही.

सूज उतरत गेली. रंग माणसांत आला. एका सकाळी ब्लाउजचे हुक मी स्वतः लावले. इतके दिवस ते काम तुझ्या दादाकडे होतं आणि तो चष्मा लावून, पुटपुटत ते करायचा. मी धावत तुला सांगायला आले तर तू पोहे खात होतीस. वर न बघता म्हणालीस, "बरं झालं. आता रोज तूच लाव." मला अपेक्षा होती की तू निदान खुर्चीतून उठशील. मग दिवाळीनंतर मी शाळेत गेले. फळ्यावर पहिला शब्द लिहिला तो पहिलीतल्या पोरासारखा वेडावाकडा आला. वर्ग माझा, आठवीचा, वात्रट. पण कुणी हसलं नाही. घरी येऊन तुला हे सांगितलं तेव्हा मात्र तू माझा हात हातात घेऊन उलटसुलट बघितलास आणि म्हणालीस, की अंगठा अजून आखडलेला आहे.

त्यानंतर मी जे चालू केलं त्यानं तू वैतागलीस. शिक्षकांच्या खोलीत, लग्नात, बाजारात, जिथे कुणी हात किंवा पाय दुखतो म्हणालं तिथे मी गरम-गार पाण्याचं सांगायला लागले आणि शेवटी म्हणायचे, आमच्या शुभदाला विचारा. लोक तुझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, ते पाण्याचं करा. व्यायाम सांगितला की पुन्हा फिरकायचे नाहीत. तू घरी येऊन माझ्यावर चिडायचीस. एकदा मी शिक्षिकेचा आवाज काढून तुला म्हटलं, एका वाक्यात सांग, याचा उपयोग होतो की नाही?

तू मग म्हणालीस, की एका वाक्यात होणार नाही. सूज थोडी उतरते. दुखणं काही वेळ कमी होतं, बऱ्याच जणांना बरं वाटतं. मुरगळलेल्या घोट्याला, प्लास्टरमधून निघालेल्या हाताला त्याचा आधार होतो. पण हात पुन्हा कामाला लागतो तो पाण्यामुळे, असं तू छातीवर हात ठेवून सांगू शकत नव्हतीस, आणि ज्यांनी त्याचा अभ्यास केला त्यांचंही एकमत नाही, म्हणालीस.

"मग मला रोज कशाला बुडवायला लावलंस?" मी विचारलं.

"त्याशिवाय तू हात लावू देत नव्हतीस."

मी यावर काहीतरी उत्तर दिलं, पण ते खरं उत्तर नव्हतं. तुझं हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत होते.

नानाकाकांचं झालं ते पुढच्या उन्हाळ्यात. शेजारच्या काकूंनी आपल्याला पडवीत टब घेऊन बसलेलं रोज बघितलं होतं. काकांना साखरेचा आजार जुना, तळपाय बधिर. काकूंना वाटलं, पाणीच तर आहे. त्यांनी गरम पाण्यात काकांचे पाय ठेवले, काकांना काही जाणवलं नाही म्हणून आणखी कढत ओतलं. पायाला फोड आल्यावर त्या रडत तुला बोलवायला आल्या. तू काकांना गाडीत घालून दवाखान्यात नेलंस. परत आल्यावर पायरीवर बसलीस, तोंड न धुता. तू काकूंवर रागावली नव्हतीस. म्हणालीस, "पाणी आहे म्हणून कुणी घाबरत नाही गं." मग तू मला ते पेल्यांचं सांगितलंस. ज्याच्या कातडीला गरम आणि गार यातला फरक कळत नाही त्याला ही पाण्याची मात्रा द्यायचीच नसते. म्हणून आधी ते बघायचं. मी ज्याला पोरखेळ म्हटलं होतं तोच सगळ्यात महत्त्वाचा भाग होता, आणि तू तेव्हा मला ते समजावत बसली नव्हतीस.

काकांचा पाय बऱ्याच दिवसांनी भरला. त्यानंतर मी लोकांना सांगताना आधी हे सांगायला लागले. पण सांगायचं सोडलं नाही.

आता दुसरं. ते लिहायचं की नाही, यावर मी बराच विचार केला.

आणखी काही वर्षांनी तू घरात पोटावर हात ठेवून बसायला लागलीस. मी विचारलं तर ॲसिडिटी म्हणालीस. जेवण कमी झालं, गाल बसले. गणपती गेल्यावर तपासण्या झाल्या आणि आपल्याला कळलं, तेव्हा ते पसरलेलं होतं. दादा तुझ्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. डॉक्टरांत वावरणारी तू, तुला कळू नये? तू भिंतीकडे बघत राहिलीस. तो मग वाडीत गेला आणि अंधार पडेपर्यंत आला नाही.

किमोची औषधं घ्यायला मुंबईला जायचं तर मांडव्याहून रोरो बोटीनं गाडी घेऊन जायचो. जाताना तू बरी असायचीस, वर डेकवर उभी राहायचीस. येताना गाडीतच शाल गुंडाळून बसायचीस. एकदा दादा चहा आणायला वर गेला होता. गाडीत आपण दोघीच. तू डोळे मिटले होतेस. मला वाटलं झोपलीस.

"दादाला सांगू नकोस," तू म्हणालीस. "मला संशय आला होता. खूप आधी."

मी तुझ्याकडे बघितलं.

"रोज उद्या जाऊ म्हणत राहिले."

"का गं?"

"भीती वाटली."

जी बाई दिवसभर लोकांना दुखणं अंगावर काढू नका म्हणून दटावायची, तिच्या तोंडचे हे दोन शब्द. मला तुझा राग आला आणि तुला जवळही घ्यावंसं वाटलं. मी शाल नीट केली. मग ज्यासाठी धीर होत नव्हता ते विचारलं. म्हटलं, हे कधीपासूनचं? माझ्या हाताचं चालू होतं तेव्हापासूनचं तर नाही? तू डोळे उघडलेस आणि जरा तुटकपणे म्हणालीस, "त्याच्याशी जोडू नकोस." तेवढ्यात दादा चहा घेऊन आला आणि आपण दोघी चहाबद्दल बोललो.

तू हो म्हणाली नाहीस आणि नाहीही म्हणाली नाहीस. तारखा जुळत नाहीत, हे मला कळतं. माझा हात कधीच बरा झाला होता. तरी मी जोडणार, हे तुला माहीत होतं. दादाला मी अजून काही सांगितलेलं नाही. हे तो वाचेल तेव्हा त्याला कळेल. त्याच्यावर चिडू नकोस. तुला ओरडल्याचं तो अजून विसरलेला नाही, आणि तू मुद्दाम गप्प राहिली नव्हतीस, तूही घाबरली होतीस, हे त्याला कळलेलं बरं, असं मला वाटतं.

औषधांनी तुझी बोटं गेली. गेली म्हणजे होती तिथेच, पण टोकं बधिर. कप निसटायला लागले. कुर्त्याची बटणं तुला लागेनात, आणि मी लावायला आले की तू तोंड फिरवायचीस. मुंग्या येतात म्हणायचीस, मोजे घातल्यासारखं वाटतं म्हणायचीस. मला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की आता मला काहीतरी करता येईल. माळ्यावरून टब काढले, धुतले, पाणी तापवलं, माठातलं पाणी आणलं आणि तुझ्या खोलीत नेऊन ठेवलं. मी खूश होते, शुभदा. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असेल.

तू टबांकडे बघितलंस, मग माझ्याकडे. म्हणालीस, जा, दोन पेले आण.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी पेले आणले, गरम आणि गार भरले. तू डोळे मिटलेस आणि हात पुढे केलेस. मी एक पेला तुझ्या बोटांना टेकवला. तू थोडा वेळ थांबून म्हणालीस, "गार." तो गरम होता. दुसरा टेकवला. "हाही गारच." तिसऱ्यांदा मी गरमच पेला जरा वर, मनगटापाशी लावला, तिथे तुला कळलं. मग पुन्हा बोटांना. तू चुकलीस. आपण दोघी गप्प होतो, आणि माझ्या गप्प राहण्यावरूनच तुला किती चुकलं ते समजत होतं.

"कळलं ना का नको?" डोळे न उघडता तू म्हणालीस. मला समजावण्याचा तो आवाज, जो मी पडवीत रोज ऐकला होता.

मी टब बाहेर नेऊन वाडीत ओतले.

परत आले तर तू म्हणालीस, बस इथे, दुसरं काम आहे. मग तू मला शिकवलंस. आधी टॉवेल, मग जुनं सुती पातळ, मग गोणपाटाचा तुकडा. प्रत्येक बोटावरून फिरवायचा, तू बघत राहायचं, काय लागतंय ते आठवायचा प्रयत्न करायचा. मग बोटं एकेक करून वळवायची. मी घाबरत घाबरत धरायचे. तू म्हणायचीस, नीट धर, मी काचेची नाहीये. मी जोरात धरलं की म्हणायचीस, आता मोडतेस काय? शेवटच्या महिन्यांतही बरं वाटेल त्या दिवशी तू दवाखान्यात जाऊन यायचीस, आणि रोज संध्याकाळी आपण हे केलं. एकदा मी विचारलं, फरक पडतोय का गं काही?

"नाही," तू म्हणालीस. "पण थांबू नकोस."

मी थांबले नाही. त्या बोटांत जाणीव आली नाही. तरी मी ती धरली की तू झोपायचीस. यात काय औषध होतं आणि काय नव्हतं, हे मी तुला विचारलं नाही. तू नेमकं उत्तर दिलं असतंस, आणि मला ते नको होतं.

एवढं सगळं झालं तरी मी तुला जे सांगायचं ते सांगितलं नाही. माझा हात तू बरा केलास. हे एवढं साधं वाक्य. तुझ्यासमोर बोलायला गेलं की तू विषय बदलायचीस, उठून जायचीस. म्हणून मी पाणी पुढे करत होते. पाण्यानं बरं झालं, असं शंभर माणसांना सांगितलं. त्यात तुझं नाव शेवटी घेता यायचं. हे माझं मलाही परवापर्यंत नीट कळलं नव्हतं.

परवा मी तुझा दवाखाना उघडायला अलिबागला गेले. दादाला जाववेना. नेहमीच्या पेशंटांना फोन करून कळवलं होतं, म्हणून कुणी येईल असं वाटलं नव्हतं. मी खिडक्या उघडल्या, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, कुंडीला पाणी घातलं. तेवढ्यात दारात एक बाई उभी. पन्नाशीची, कोळीण, वरसोलीची हिराबाई. ती लेकीच्या बाळंतपणाला दिघीकडे गेली होती, आदल्या दिवशीच परतली होती. उजवा हात पदराखाली धरलेला.

"ताय कवा येल?" तिनं विचारलं.

मी सरळ सांगितलं. आडवळणानं सांगायला मला जमलं नसतं. ती चपला काढून आत आली, बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून बसून राहिली. मी तिला पाणी दिलं. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, तुम्ही तायच्या कोण? मी म्हटलं, वहिनी. तेव्हा ती माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघायला लागली.

"हातवाल्या वयनी तुमीच काय?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तिला दुखायचं, ती म्हणायची मना न्हाय जमत, की तू माझी गोष्ट काढायचीस. म्हणायचीस, माझी एक वहिनी आहे, शिक्षिका. तिचा हात तुझ्याहून वाईट होता. मला शिव्या घालायची, रडायची, सुपाऱ्या फेकायची. पण एक दिवस सोडला नाही. शाळेत टेबलाखाली हात घेऊन मुठी मिटत बसायची. शुभदा, ते तुला कुणी सांगितलं? मला वाटायचं कुणाला दिसत नाही.

"ताय बोलायची," हिराबाई म्हणाली, "पानी मी ठेवला, पन हात तिनंच बरा केला."

मी खुर्चीत बसले.

किती जणांना सांगितलं असशील तू हे? मुरगळलेल्या घोट्यांना, आखडलेल्या खांद्यांना, लकव्याच्या माणसांना. आणि मला मात्र अंगठा अजून आखडलेला आहे! मी सगळीकडे तुला श्रेय देत फिरले, पाण्याच्या नावानं. तू सगळीकडे मला देत होतीस, माझ्या पाठीमागे. आणि घरी आपण जेवणाच्या टेबलावर पाण्यावरून भांडत होतो.

हिराबाईनं विचारलं, की आता त्या गरम-गार पाण्याचं काय, करू का बंद? मी अलिबागमधल्या दुसऱ्या चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे तिला जायला सांगितलं, कुठे बसतात ते समजावलं. मग विचारलं, हाताला गरम-गार नीट कळतं ना? ती म्हणाली, व्हय, तायनं पयलाच बघितला व्हता. तिथे जाईपर्यंत पाणी राहू दे, बोटं मात्र हलवायची सोडू नकोस, एवढंच मी सांगितलं. मी त्यातली कुणी नाही, याहून जास्त मी बोलायला नको.

ती उठली नाही. पदराखालचा हात काढून तिनं मांडीवर ठेवला आणि मूठ मिटायला लागली. मधली दोन बोटं तळव्यापर्यंत पोचत नव्हती. कपाळावर घाम आला. मी बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसले आणि माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. मीही मूठ मिटली. माझं करंगळीशेजारचं बोट अजून पुरतं टेकत नाही, ते तिनं बघितलं.

"तुमचापन रायला हाय की वो जरासा," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

मग आम्ही मुठी मिटत-उघडत बसलो. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तिला मध्येच दुखलं की ती थांबायची, मीही थांबायचे, मग पुन्हा सुरू. थोड्या वेळानं ती म्हणाली, "अशी थांबून थांबून केला असता, तं ताय वरडली असती."

मी म्हटलं, "हो. ओरडली असती."

आणि आम्ही दोघींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

तुझी,
वहिनी